सहीला लागणारा वेळ

अमेरिकेतला मोटारशर्यतींचा चालक रिचर्ड पेटी याने शेवटची शर्यत जिंकली ती १९८४ च्या ४ जुलैला. त्यानंतर तो आणखी आठ मोसम गाडी चालवत राहिला आणि एकदाही जिंकला नाही. वयाची पन्नाशी उलटली, गाडीत पूर्वीचा दम उरला नाही, कालची पोरं शेजारून निघून जाऊ लागली. तरीही १९९२ हे आपलं शेवटचं वर्ष असं त्याने जाहीर केलं आणि अमेरिकेतल्या ट्रॅकमागून ट्रॅकवर लोक त्याला निरोप द्यायला लोटले. नोव्हेंबरात अटलांटाला अखेरची शर्यत झाली. त्यात तो पुढच्या गाड्यांच्या अपघातात सापडला आणि त्याच्या गाडीने पेट घेतला. त्याच्या माणसांनी ठोकून-ठाकून ती पुन्हा उभी केली आणि अगदी शेवटच्या फेऱ्यांना पेटी परत ट्रॅकवर आला. निकालात नंबर पस्तिसावा. मोसमाचं अजिंक्यपद त्या दिवशी ॲलन कुलविकीने पटकावलं, जेफ गॉर्डन नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा त्या पातळीवर पहिल्यांदा उतरला, पण त्या दिवसाची आठवण निघते ती पस्तिसाव्या आलेल्या माणसाच्या नावाने.

आठ वर्षं हरणाऱ्या माणसाला बघायला इतकी माणसं का येतात? चाहत्यांना विचारलं तर एकच उत्तर मिळतं: माणूस भला आहे. सही मागितली तर नाही म्हणत नाही, घाई करत नाही, समोरच्याशी दोन शब्द बोलतो. याच्या उलट बोलणारेही आहेत. ते म्हणतात, हा सगळा धंद्याचा भाग. चाहत्यांचं प्रेम आंधळं असतं, त्यांना हसून हात हलवला की पुरे. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पेटीचा भलेपणा ही त्याने मेहनतीने केलेली, शिकून घेतलेली कामगिरी होती आणि तिचं मोल तसंच करायला हवं. चाहतेही दिसतात तितके भोळे नाहीत. कशाबद्दल प्रेम करायचं आणि त्या प्रेमाच्या बदल्यात काय द्यायचं नाही, हे त्यांना बरंच नेमकं कळतं. अर्थात त्यांच्या हिशेबाच्या वहीत काही पानं कोरी आहेत, त्याकडेही येतो.

आधी थोडं या खेळाविषयी. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी गाडी. फॉर्म्युला वनच्या उघड्या चाकांच्या विमानासारख्या यंत्रांशी तिचं नातं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात हातभट्टीची दारू रात्रीतून शहरात पोचवायची, वाटेत पोलिसांना चुकवायचं, त्यासाठी बाहेरून साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं आतून तगडी केलेली असायची. हे लोक रविवारी एकमेकांशी शर्यती लावत. ज्युनिअर जॉन्सन या मोठ्या चालकाने तर भट्टीच्या गुन्ह्याखाली तुरुंगही पाहिला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. १९४८ मध्ये बिल फ्रान्स या माणसाने डेटोना बीचला या सगळ्या पसाऱ्याला एका संघटनेत बांधलं. तीच नॅसकार. प्रेक्षक होते शेतकरी, गिरणी कामगार, मेकॅनिक. त्यांच्या अंगणात जी प्लिमथ मोटार उभी असे, तीच दिसायला ट्रॅकवर धावे.

पेटी याच मातीतला. नॉर्थ कॅरोलायनातल्या लेव्हल क्रॉस या खेड्यात १९३७ साली जन्म. बाप ली पेटी स्वतः तीन वेळचा अजिंक्यवीर, १९५९ ची पहिली डेटोना ५०० ही या खेळातली सर्वांत मानाची शर्यत जिंकणारा. त्या शर्यतीचा निकाल फोटो आणि चित्रफिती तपासून तीन दिवसांनी लागला होता, इतकं अंतर कमी. हा बाप काय चीज होता ते कळायला एक प्रसंग पुरेसा आहे. त्याच वर्षी अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर एकवीस वर्षांच्या रिचर्डला विजयी घोषित केलं गेलं. पोराची पहिली जीत! तेवढ्यात फेऱ्या मोजण्यात चूक झाल्याची तक्रार आली. तक्रार करणारा होता ली पेटी. तपासणी झाली, बापाचं म्हणणं खरं निघालं, आणि पोराच्या हातातली जीत बापाकडे गेली. म्हणजे ज्या घरात रिचर्ड वाढला तिथे गोडवा उतू जात नव्हता. मोठेपणी लोकांनी त्याच्यात जी ऋजुता पाहिली ती वारशाने मिळाली असं म्हणायला जागा नाही.

विक्रमांची यादी फार लांबवत नाही. दोनशे विजय. त्याच्या खालोखाल डेव्हिड पिअरसन, एकशे पाच. सात अजिंक्यपदं, सात वेळा डेटोना ५००. १९६७ च्या एका मोसमात सत्तावीस विजय, त्यातले दहा लागोपाठ. 'किंग' ही उपाधी तेव्हापासून अंगाला चिकटली. जाणकार इथे बोट उचलतात आणि ते रास्त आहे: त्या दोनशेंपैकी कितीतरी विजय शंभर-शंभर मैलांच्या छोट्या शर्यतींमधले, चार-दोनच दमदार प्रतिस्पर्धी असलेले. पिअरसन आणि तो त्रेसष्ट वेळा पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर आले, त्यात पिअरसन तेहेतीस वेळा पुढे, पेटी तीस वेळा. माझ्याविरुद्ध उतरलेल्यांत पिअरसन सर्वांत श्रेष्ठ, हे पेटी स्वतः वर्षानुवर्षं सांगत आला. दोनशेच्या आकड्यावर बसलेल्या माणसाला हे सांगायची काहीच गरज नव्हती.

पण मला त्या छोट्या शर्यतींबद्दल वेगळंच सांगायचं आहे. जाणकारांना ज्या शर्यती विक्रमातलं पाणी वाटतात, त्याच शर्यतींत पेटी आणि चाहते यांचं नातं तयार झालं. साठच्या दशकात मोसमात पन्नासच्या आसपास शर्यती असत, कधी त्याहूनही जास्त. आठवड्यात दोन-तीन गावं, जत्रेच्या मैदानावरचे अर्ध्या मैलाचे मातीचे ट्रॅक, मधे एक तारेचं कुंपण. शर्यत संपली की चालक तिथेच धुळीत उभा, आणि दहा पावलांवर तिकीट काढून आलेला माणूस, कडेवर पोरगं घेऊन. १९७१ मध्ये विन्स्टन सिगारेटवाले मुख्य प्रायोजक झाले, आणि १९७२ पासून शर्यतींची संख्या अठ्ठेचाळीसवरून एकतीसवर आली. छोटी गावं गळाली, मोठे डांबरी ट्रॅक राहिले, टीव्ही आला. १९७९ ची डेटोना ५०० पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर थेट दाखवली गेली. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांना धडकून गवतात हमरीतुमरीवर आले आणि मागून येणारा पेटी जिंकून गेला. चाहते लाखांवर गेले. पेटीची सवय मात्र कुंपणाजवळच्या काळातलीच राहिली. पुढच्या पिढीतल्या चालकांना लोकांशी कसं वागायचं याचं शिक्षण द्यावं लागलं. त्याला ते कामाच्या तासांतच मिळालं होतं.

आता सही. पेटीची सही एकदा पाहिली की विसरत नाही. मोठी, वळणदार, वेलांट्यांनी भरलेली, आणि तरी अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. बिझनेस कॉलेजात त्याने सुलेखनाचे धडे घेतले होते, त्यातून ती घडली. अशी सही करायला वेळ लागतो. बहुतेक नामवंत मंडळी सहीला एका फराट्यापर्यंत आणून ठेवतात, कारण रांग लांब असते. पेटीची रांग कोणाहूनही लांब असे आणि सही सर्वांत सावकाश. इथेच मला त्याच्या भलेपणाचं स्वरूप दिसतं. कोणी तासभर उभं राहिलं असेल तर त्याच्या हातात वाचता येणारं नाव पडलं पाहिजे, हे त्याने कधीतरी ठरवलं, त्यासाठी हात घडवला आणि मग साठ वर्षं तेच केलं. यात मूडचा प्रश्न येत नाही. पिसांची काउबॉय हॅट आणि काळा चष्मा हीसुद्धा त्याच हिशेबातली. लांबून ओळखू यावं, कोणाला शोधत फिरावं लागू नये.

धंदा? होता, शंकाच नाही. या खेळाचं अर्थकारणच तसं आहे. संघाचा खर्च बक्षिसातून भागत नाही, प्रायोजकाच्या पैशातून भागतो, आणि प्रायोजक पैसे मोजतो ते गर्दी बघून. १९७२ पासून एसटीपी या इंजिन-तेलाच्या कंपनीचं नाव पेटीच्या गाडीवर आलं. कंपनीला सगळी गाडी लाल हवी होती, पेटी घराण्याला आपला फिकट निळा सोडायचा नव्हता. बराच घोळ होऊन दोन्ही रंग राहिले आणि ती लाल-निळी त्रेचाळीस नंबरची गाडी अमेरिकेतल्या पोरांच्या खेळण्यांत जाऊन बसली. तेव्हा प्रत्येक सही ही जाहिरातही होती, हे टीकाकारांचं म्हणणं मान्य. पण पैशाची ओढ तर सगळ्याच चालकांना होती. मग सगळे तसे का वागले नाहीत? दुकानदार हसतो तो गिऱ्हाईक टिकावं म्हणून, हे खरंच. पण चाळीस वर्षं रोज, सणासुदीच्या गर्दीतही, शेवटच्या गिऱ्हाइकाशी तसाच वागणारा दुकानदार असला तर गाव त्याला नुसता हुशार म्हणून थांबत नाही. सवय इतकी मुरली की ती सोंग होती का खरी, हा प्रश्नच निकामी होतो. शालीनता आतून उमलते वगैरे कल्पना मला नेहमीच थोड्या संशयास्पद वाटत आल्या आहेत. ती पाळावी लागते, आणि पाळणाऱ्याला कंटाळाही येत असणार.

धंद्याला त्याने कुंपणही घातलं होतं. आईच्या इच्छेखातर पेटी घराण्याने दारूचा प्रायोजक कधी घेतला नाही. बिअर कंपनीचं चिन्ह गाडीवर लावायचं नाही म्हणून काही बक्षिसांवर पाणी सोडलं. मात्र ज्या मालिकेत तो धावत होता तिचंच नाव सिगारेटचं होतं, आणि त्याबद्दल घरात कुरकुर झाल्याचं कुठे दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायनाची शेती तंबाखूवर उभी होती. तत्त्वांनाही गाव असतं.

भलेपणाला लोक बऱ्याचदा नरमपणा समजतात, म्हणून १९६९ ची गोष्ट सांगायलाच हवी. त्याआधी, १९६१ मध्ये, कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी चालकांची युनियन काढायचा प्रयत्न केला तेव्हा बिल फ्रान्सने दोघांवर आजन्म बंदी घातली होती. ती पुढे उठली, पण सगळ्यांना जरब बसली. १९६९ मध्ये फ्रान्सने अलाबामात टॅलाडेगाचा अवाढव्य ट्रॅक उभारला. गाड्या तिथे ताशी दोनशे मैलांच्या घरात पळू लागल्या आणि टायर फाटू लागले. चालकांनी गुपचूप एक संघटना बांधली होती आणि तिचा अध्यक्ष होता हाच सह्या करणारा, हसतमुख पेटी. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने गाडी ट्रकवर चढवली आणि घरचा रस्ता धरला. त्याच्यामागोमाग बहुतेक आघाडीचे चालक निघाले. फ्रान्सने उरलेल्यांना घेऊन शर्यत घेतलीच, रिचर्ड ब्रिकहाउस नावाचा नवखा चालक जिंकला, आणि प्रेक्षकांना त्याच तिकिटावर आणखी एक शर्यत बघायची मुभा देऊन त्यांची समजूत घातली. संघटना पुढे फार टिकली नाही. पण मालकाला तोंडावर नाही म्हणणारा आणि कुंपणाजवळच्या पोराला कधीच नाही न म्हणणारा माणूस एकच होता. चाहत्यांनी पेटीच्या नावाने ज्या गोष्टी जपल्या त्यात टॅलाडेगाची गोष्ट खूप मागे पडते, याचं मला नवल वाटतं. नम्रता खालच्याशी आणि ताठा वरच्याशी, असं कितीजणांना जमतं? बहुतेकांचं उलटं असतं.

आता वहीची दुसरी बाजू. १९८३ च्या ऑक्टोबरात शार्लटला पेटीने एकशे अठ्ठ्याण्णवावा विजय मिळवला. तपासणीत इंजिन नियमापेक्षा मोठं निघालं आणि डाव्या बाजूचे टायर उजव्या बाजूला लावलेले सापडले. पस्तीस हजार डॉलर दंड झाला, गुण कापले गेले, विजय मात्र काढून घेतला नाही. इंजिनाची जबाबदारी भाऊ मॉरिसने स्वतःवर घेतली. आपल्याला काही माहीत नव्हतं, असं रिचर्डचं म्हणणं. पुढच्याच वर्षी तो घरचा संघ सोडून माइक कर्बच्या संघात गेला, आणि दोनशेवा विजय तिथे, डेटोनाला, रेगन यांच्या हजेरीत झाला. राष्ट्राध्यक्षाने नॅसकारच्या शर्यतीला यायची ती पहिलीच वेळ, म्हणून तो फोटो घरोघरी लागला. गोल दोनशेच्या आकड्यात एक विजय असा आहे, हे फोटो लावणाऱ्यांना ठाऊक नसेल असं नाही.

त्याहून फार जड गोष्ट १९६५ ची आहे. क्रायस्लरच्या इंजिनावर नॅसकारने बंदी घातली म्हणून कंपनीने शर्यतींवर बहिष्कार टाकला आणि तिच्या गाड्या चालवणारा पेटी त्या काळात सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतींत उतरला. जॉर्जियात एका छोट्या ट्रॅकवर त्याची गाडी ताबा सुटून गर्दीत घुसली आणि आठ वर्षांचा एक मुलगा गेला. गाडीत बिघाड झाला होता. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. पण कुंपणाशी उभं राहणं म्हणजे काय, याचा हाही अर्थ आहे, आणि पेटीवरच्या गौरवलेखांत त्या मुलाचा उल्लेख क्वचित सापडतो. जी जवळीक या खेळाचं वैभव म्हणून सांगितली जाते तिची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. अपघातांनी पेटीच्या घरालाही सोडलं नाही: १९७५ मध्ये टॅलाडेगाला पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, टाकीचा स्फोट होऊन त्याचा मेहुणा गेला, २००० साली नातू ॲडम, वय एकोणीस, न्यू हॅम्पशायरला सरावात गेला. ॲडमच्या इच्छेनुसार गंभीर आजारी मुलांसाठी व्हिक्टरी जंक्शन हे शिबिर २००४ मध्ये रँडलमनला उभं राहिलं, जमीन रिचर्ड आणि त्याची बायको लिंडा यांनी दिली. मी हे जमाखर्चाच्या वजाबाकीसाठी सांगत नाही. एकाने दुसरं फिटत नाही.

चाहते आंधळे असतात म्हणणाऱ्यांनी १९९६ ची निवडणूक बघावी. पेटी रिपब्लिकन पक्षाकडून नॉर्थ कॅरोलायनाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्यातल्या नोंदणी आणि दस्तऐवजांचं काम बघणाऱ्या, पदासाठी उभा राहिला. स्वतःचं राज्य, घरोघरी टोपी आणि चष्मा माहीत, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्य पदक हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळून चारच वर्षं झालेली. समोर होत्या इलेन मार्शल, शर्यतींशी काहीही संबंध नसलेल्या वकील आणि राजकारणी. पेटी हरला. राज्याच्या कार्यकारी पदावर निवडून येणाऱ्या मार्शल या पहिल्या महिला ठरल्या आणि पुढे अनेक निवडणुका जिंकत राहिल्या. याच पेटीला त्याच्या रँडॉल्फ काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, मात्र सोळा वर्षं कमिशनर म्हणून निवडून दिलं होतं. तिथे त्याचं काम शेजाऱ्यांच्या नजरेसमोर होतं. हा फरक मला फार आवडतो. सही आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे टोपी घालून शर्यतीला जाणाऱ्या, ज्यांना शहरी लोक गावंढळ म्हणून हसतात, त्या लोकांनी मतपेटीत दाखवून दिलं. आपल्याकडे एम.जी.आर. आणि एन.टी.आर. यांना पडद्यावरून थेट मुख्यमंत्रिपदापर्यंत नेणाऱ्या चाहत्यांची शहाणी कारणं कोणी सांगेलही. मला कॅरोलायनाच्या मतदाराचा काटेकोरपणा जास्त पटतो.

आणि पेटी नेहमी शालीन बोलला असंही नाही. २०१४ मध्ये डॅनिका पॅट्रिक ही महिला चालक शर्यत केव्हा जिंकेल, यावर, बाकीचे सगळे घरी बसले तर, असं त्याने सुनावलं आणि टीका झाल्यावरही शब्द मागे घेतले नाहीत. २०१७ मध्ये वर्णभेदाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताला उभं न राहणाऱ्यांनी देशाबाहेर जावं, असं तो म्हणाला. समोर उभ्या असलेल्या माणसाशी कमालीचा सौम्य असणारा माणूस, समोर नसलेल्यांबद्दल असा बोलतो. माझ्या मते त्याच्या भलेपणाची सीमारेषा नेमकी इथून जाते. तो भलेपणा समोरासमोरचा आहे. कुंपणापर्यंत जो पोचला त्याला सगळं मिळालं. प्रश्न असा, की कुंपणापर्यंत कोण पोचू शकत होतं?

वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर जिंकला. पेटीही त्या शर्यतीत होता. त्याची गाडी कुरकुरत असताना स्कॉट पुढे निघून गेला. पण विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं बक बेकर या गोऱ्या चालकाचं. प्रेक्षक घरी गेल्यावर कागदोपत्री चूक दुरुस्त झाली, स्कॉटला पैसे मिळाले, करंडकाचा सोहळा मात्र हुकला तो कायमचा. स्कॉट १९९० मध्ये वारला. नॅसकारने त्याच्या कुटुंबाला करंडक दिला तो २०२१ साली. ज्या धुळीच्या ट्रॅकांना मी वर इतकं गौरवलं, ते हेच. तिथल्या गर्दीत गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणेच्या संघराज्याचे झेंडे फडकत आणि ते पुढेही दशकानुदशकं फडकत राहिले. नॅसकारने त्यांच्यावर बंदी घातली ती थेट जून २०२० मध्ये. ज्या कुंपणाजवळ तो झेंडा लागलेला आहे तिथे एखाद्या काळ्या बापाने पोराला कडेवर घेऊन निवांत उभं राहायचं कसं? पेटीने कोणाला सही नाकारली नसेल. पण दारच अरुंद असेल तर आतल्या माणसाच्या अदबीने ते रुंद होत नाही, आणि हे चाहत्यांच्या हिशेबात येत नाही, कारण जे आलेच नाहीत त्यांची आठवण कोण ठेवणार?

म्हणून २०२० च्या जूनमधला टॅलाडेगाचा दिवस मला दोनशे विजयांहून महत्त्वाचा वाटतो. पेटीच्या त्रेचाळीस नंबरच्या गाडीचा चालक तेव्हा बबा वॉलेस होता, त्या वेळी सर्वोच्च मालिकेतला एकमेव कृष्णवर्णीय पूर्णवेळ चालक. त्याच महिन्यात मार्टिन्सव्हिलला ती गाडी 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' लिहून धावली होती. टॅलाडेगाला त्याच्या गॅरेजात फाशीच्या दोरासारखी गाठ मारलेला दोर सापडला; काळ्या माणसांना झुंडीने फासावर लटकवलं जाई त्याची ती खूण. दुसऱ्या दिवशी सगळ्या चालकांनी आणि त्यांच्या माणसांनी वॉलेसची गाडी ढकलत रांगेच्या पुढे नेली. ब्याऐंशी वर्षांचा पेटी करोनाच्या ऐन काळात, घरी बसायची सगळी कारणं असताना, तिथे आला आणि वॉलेसच्या शेजारी उभा राहिला. एफबीआयच्या तपासात पुढे निघालं की तो दोर दरवाजा ओढायचा होता आणि आदल्या ऑक्टोबरपासून तिथेच होता. वॉलेसला उद्देशून कोणी काही केलं नव्हतं. त्यावरून वॉलेसची जी टिंगल झाली ती चालली बरेच दिवस. पण पेटी आला तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. तीनच वर्षांपूर्वी राष्ट्रगीतावरून लोकांना देशाबाहेर काढायला निघालेला हा माणूस. मत बदललं होतं का? मला तसं वाटत नाही. समोर त्याचा माणूस उभा होता, आणि समोरच्या माणसाशी कसं वागायचं याचा सराव त्याला साठ वर्षांचा होता. तो सराव त्या दिवशी त्याला त्याच्या मतांच्या पलीकडे घेऊन गेला. ज्या सवयीला मी सीमा आहे म्हटलं तिची ताकदही हीच.

आपल्या बाजूचा एक धागाही इथे जोडता येतो. फॉर्म्युला वनमध्ये धावून आलेला कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या पिकअप ट्रकांच्या मालिकेत उतरला. मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला आणि मोसमात मोजक्या शर्यती धावला. वर्षअखेर त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवड झाली ती त्याचीच. हे मतदान इंटरनेटवर होतं. भारतातून मतं पडली. त्यातल्या किती जणांनी ट्रकची एक तरी शर्यत पाहिली होती? आपला माणूस म्हणून दिलेलं मत वाईट असतं असं मी म्हणणार नाही, कार्तिकेयन गुणी चालक आहे. पण त्या प्रेमात कुठलीच देवघेव झालेली नव्हती. शार्लटला नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी तिथलं नॅसकारचं हॉल ऑफ फेम किंवा लेव्हल क्रॉसचं पेटी संग्रहालय एकदा पाहावं. चाहता असण्याची एक वेगळी, हिशेबी, जुनी रीत तिथे भिंतीवर टांगलेली आहे.

ती रीत आता टिकवायची कशी, हा नॅसकारपुढचा खरा प्रश्न. पेटीचा स्वतःचा संघ विकला गेला, नव्या मालकांत जिमी जॉन्सन हा चालक आला, २०२३ मध्ये नावही बदललं, आणि म्हाताऱ्या पेटीने आपल्याला आता विचारत नाहीत अशी नाराजी उघड बोलून दाखवली. आजचे चालक अदबीने वागतात, छापील फोटोकार्डांवर सह्याही करतात, प्रायोजकाच्या वेळापत्रकात ते तास धरलेले असतात. त्यांना दोष नाही. वर्षभरात पन्नास गावांची धूळ खायला त्यांना कोणी पाठवत नाही. २०२३ मध्ये नॉर्थ विल्क्सबरोच्या जुन्या, वर्षानुवर्षं बंद पडलेल्या ट्रॅकवर नॅसकारची मुख्य मालिका परतली, तेव्हा सगळ्यांना भरून आलं. पेटी तिथे पंधरा वेळा जिंकला होता. असे छोटे ट्रॅक परत आणायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त परत आणताना १९६३ चं प्रवेशद्वार सोबत येऊ नये, आणि ते काम चालकांच्या चांगुलपणावर सोपवून चालणार नाही. झेंड्यांवरची बंदी नॅसकारच्या कचेरीने घातली, ती ट्रॅकच्या बाहेरच्या मैदानात, रस्त्यालगतच्या ट्रकांच्या रांगांतही पाळली जाते का, हे कचेरीनेच बघायचं आहे. कोणा ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने दर वेळी विमान पकडून यायची वाट बघत बसायचं नाही.